पोस्ट टाकणं बंद केलं तर पायच उठत नाहीत, आता काय करू?

प्रश्न थोडक्यात असा आलाय. वय 38, आयटीत नोकरी, राहायला पिंपळे सौदागर, दोन वर्षं धावतायत, दोन हाफ मॅरेथॉन झाल्यात. प्रत्येक रन स्ट्राव्हावर (धावण्याची नोंद ठेवणारं अ‍ॅप), तिथून स्क्रीनशॉट इन्स्टावर, सोसायटीच्या ग्रुपवर आणि ऑफिसच्या ग्रुपवर. मध्ये एकदा जाणवलं की आपण धावतो कमी आणि दाखवतो जास्त, म्हणून महिनाभरापूर्वी सगळं अपलोड करणं बंद केलं, म्हटलं आता फक्त स्वतःसाठी धावायचं. तर झालं असं की चार आठवड्यांत जेमतेम पाच रन. "म्हणजे मला मुळात धावायला आवडतच नाही का? सगळं लोकांसाठीच चाललेलं का?" असं विचारलंय, आणि सोबत गेल्या सहा महिन्यांचे आकडे दिलेत.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. नाही, तसा अर्थ होत नाही. मी पुण्यात गेली चौदा वर्षं रनिंगची बॅच घेतोय, आणि हे असं दरवर्षी दोन-तीन जणांकडून ऐकतो, सगळे अगदी अपराध्यासारखा चेहरा करून सांगतात, जणू काही पाप केलंय. पाप वगैरे काही नाही हो. कौतुक सगळ्यांनाच आवडतं, मलाही आवडतं, या उत्तराखाली कुणी "मस्त लिहिलंय सर" म्हटलं तर मी ते बायकोला वाचून दाखवणार आहे. त्यामुळे साधूसंत व्हायचा सल्ला मी देणार नाही, माझा मुद्दा वेगळाच आहे आणि तो तुमच्या आकड्यांतच दिसतोय.

सहा महिन्यांत तुमचे 74 रन आहेत. त्यातला एकही, म्हणजे एकसुद्धा, 6:40 च्या पेसपेक्षा (म्हणजे एका किलोमीटरला 6 मिनिटं 40 सेकंद) हळू नाही. सरासरी पल्स 162 ते 168 च्या मध्ये. तुमच्या वयाला कमाल पल्स ढोबळमानाने 182 धरतात (220 वजा वय हा हिशोब अगदीच अंदाजपंचे आहे, पण चित्र कळायला चालतो), म्हणजे तुम्ही जवळजवळ प्रत्येक वेळी नव्वद टक्क्यांवर पळालात. आठवड्यातून तीनदा. सहा महिने. अहो, तुम्ही प्रॅक्टिस केलीच नाहीत, तुम्ही आठवड्यातून तीनदा बोर्डाची परीक्षा देत होतात! आणि दर परीक्षेला टाळ्या मिळत होत्या म्हणून ते निभत होतं. आता टाळ्या थांबल्यावर सकाळी साडेपाचला शरीर म्हणतंय, बाबा रे, आज नको. मला तर ते शहाणं शरीर वाटतं.

आता तुम्ही इतकं जोरात का पळत होतात? कोचने सांगितलं म्हणून नाही, तुम्हाला कोचच नाहीये. हळू पळालात तर स्क्रीनशॉटमध्ये 8:20 असा पेस दिसला असता म्हणून. बघा, खरी गोम इथे आहे आणि मला वाटतं लोक ती चुकीच्या जागी शोधतात. लोक म्हणतात दिखावा वाईट कारण अहंकार वाढतो, मन अशांत होतं वगैरे. होत असेल. पण मला कोच म्हणून त्याची एवढी फिकीर नाही. माझी तक्रार अशी आहे की बघणारा आला की माणसाची प्रॅक्टिसच बदलते. धावण्यात ज्या गोष्टींनी खरा फायदा होतो त्यातल्या बहुतेक दिसायला अगदीच गबाळ्या आहेत. हळू पळणं, मधे चालणं, अर्ध्यातून परत येणं, सुट्टी घेणं, पाय वर करून पडून राहणं, तोच तोच रस्ता चाळीस वेळा पळणं. यातलं काहीही पोस्ट करण्यासारखं नाही. आणि जे पोस्ट करण्यासारखं नाही ते हळूहळू तुमच्या आठवड्यातून गायबच होतं, तुम्ही मुद्दाम काढलं नसलं तरी.

एक उदाहरण सांगतो म्हणजे नीट कळेल. माझ्या बॅचमध्ये एक काका होते, बँकेत होते, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली, अतिशय नियमित माणूस. रविवारी आम्ही एआरएआयच्या बाजूने वेताळ टेकडीवर जायचो. एकदा मी त्यांच्या मागे वीस-तीस पावलांवर होतो. चढ सुरू झाला आणि "टिंग" असा घड्याळाचा आवाज आला. काका चालायला लागले. चांगले दोन-तीन मिनिटं चालले, श्वास खाली आला, पुन्हा "टिंग", आणि काका पळायला लागले. पुढच्या चढाला परत तेच. मी जवळ जाऊन विचारलं, काका, ते चाललात ते कुठे गेलं? तर म्हणाले, "सर, ते आपल्यात. अ‍ॅव्हरेज बिघडतं ना."

घड्याळ थांबवून चालणारा माणूस! मला हसू आलं, नंतर वाईट वाटलं, आणि घरी जाऊन आठवलं की मीही दोन वर्षं ट्रॅफिक सिग्नल आला की घड्याळ थांबवायचो, सिग्नल नसला तरी. चढाला चालणं ही त्या वयात अगदी योग्य ट्रेनिंग आहे, मीच त्यांना सांगितलेली. म्हणजे काका बरोबर गोष्ट करत होते आणि ती चोरून करत होते, आणि चुकीची गोष्ट (दोन चालण्यांच्या मध्ये जीव तोडून पळणं, म्हणजे अ‍ॅव्हरेज छान दिसावं) उघडपणे करत होते. सगळं उलटं.

हळू पळण्याचं एवढं काय कौतुक, तर थोडं शरीरशास्त्र. हळू म्हणजे बोलता येईल इतकं हळू. मी बॅचला सतराचा पाढा म्हणायला लावतो, न थांबता दहापर्यंत म्हणता आला तर पेस बरोबर, सतरा साते एकशे एकोणीसला दम लागला तर जास्त आहे (पाढाच येत नसेल तर तो वेगळा विषय, त्याची बॅच मी घेत नाही). या पेसला जास्त वेळ पळत राहिलं की पायाच्या स्नायूंमध्ये बारीक केशवाहिन्या वाढतात, पेशींमधले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे जिथे ऊर्जा तयार होते ते, संख्येने आणि कामाने वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त फेकायला लागतं, आणि शरीर साखरेऐवजी चरबी जाळायला जास्त सरावतं. हे सगळं आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या हिशोबात होतं. आणि दम सुधारतो लवकर, सहा-आठ आठवड्यांत फरक कळतो, पण नडगीचं हाड आणि टाचेमागची शीर (म्हणजे टेंडन, रक्ताची नव्हे) यांना मजबूत व्हायला महिने लागतात. म्हणून नवीन माणूस तिसऱ्या महिन्यात एकदम जोशात येतो, दम तर आहे, मग पळ जोरात, आणि चौथ्या महिन्यात नडगी धरून बसतो. पी हळद आणि हो गोरी असं इथे चालत नाही.

अर्थात जोरात पळायचंच नाही असं नाही. आठवड्यातून एकदा, ठरवून. बाकी सगळं पाढ्याच्या पेसला.

ही काही माझी अक्कल नाही. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला आर्थर लिडियार्ड म्हणून कोच होते, चपला-बुटांच्या कारखान्यात नोकरी करणारा माणूस. त्यांनी आधी कित्येक वर्षं स्वतःवरच प्रयोग केले, किती पळलं की काय होतं, कमी केलं की काय होतं, कुणी विचारायलाही नव्हतं. मग आसपासच्या पोरांना तसंच पळवलं. त्यांचा पीटर स्नेल हा 800 मीटरचा धावपटू, म्हणजे दोन मिनिटांच्या आतली रेस, तोसुद्धा रविवारी डोंगरातून 35 किलोमीटरचा फेरा मारायचा. 1960 च्या रोम ऑलिंपिकला स्नेलला 800 चं गोल्ड मिळालं आणि त्याच दिवशी लिडियार्डच्याच मरे हालबर्गला 5000 चं. आता विचार करा, 800 मीटरवाल्याने त्या रविवारच्या फेऱ्याचा पेस कुठे टाकला असता तर लोक काय म्हणाले असते.

बरं, आता तुमच्या मनाचा भाग, म्हणजे टाळ्या थांबल्यावर इच्छा का गेली. यावर एक जुना प्रयोग आहे, 1973 सालचा, स्टॅनफर्डच्या नर्सरी शाळेतला, लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांचा. तीन ते पाच वर्षांची मुलं, ज्यांना आपणहून स्केचपेनने चित्रं काढायला आवडायचं अशीच निवडली. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंस तर रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल, काहींना न सांगता नंतर अचानक दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी तेच स्केचपेन वर्गात नुसते ठेवून दिले. ज्यांना आधी कबूल करून सर्टिफिकेट दिलेलं, ती मुलं आता बाकीच्यांच्या मानाने निम्माच वेळ चित्रं काढत होती. आधी आवडणारीच गोष्ट, बरं का. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नाही. म्हणजे बक्षिसाने बिघडत नाही, बक्षिसासाठी करतोय असं ठरून गेलं की बिघडतं.

तुमच्या केसमध्ये दोन वर्षं दर रनला सर्टिफिकेट मिळत होतं, कुडोजच्या, म्हणजे स्ट्राव्हावरच्या लाईकच्या रूपात. ते काढून घेतल्यावर काही दिवस रिकामं वाटणारच. माझ्या अनुभवात हा रिकामा काळ पाच ते आठ आठवडे असतो, कुणाला तीन महिनेही लागले. तुम्ही चौथ्या आठवड्यात आहात. आणि नेमका याच वेळी माणूस निष्कर्ष काढतो की मला हे आवडतच नाही, आणि एकतर सोडतो नाहीतर परत पोस्ट टाकायला लागतो.

याच धर्तीचा अजून एक अभ्यास आहे, गोल्विट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, 2009 चा. त्यात असं दिसलं की मला अमुक व्हायचंय हा इरादा दुसऱ्याने वाचला, त्याची दखल घेतली, की माणसाला आपण त्या ध्येयाच्या थोडे जवळ पोचलोच असं वाटायला लागतं आणि प्रत्यक्ष काम तो कमी करतो. हे मला वाचायची गरज नव्हती, मी भोगलंय.

2013 ची मुंबई मॅरेथॉन. ऑक्टोबरमध्येच मी फेसबुकवर जाहीर करून टाकलं की यंदा फुल मॅरेथॉन चार तासांच्या आत. दीडशे लाईक, "सर तुम्ही करणारच", एका जुन्या मित्राने तर आधीच अभिनंदन. मला इतकं भारी वाटलं की त्या आठवड्यात मी दोनच रन केले, खोटं नाही सांगत. मग नोव्हेंबरमध्ये घाबरून मायलेज एकदम वाढवलं, आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात उजव्या गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला सुई टोचल्यासारखं दुखायला लागलं, पाच किलोमीटरनंतर हमखास. कुठल्याही विद्यार्थ्याला मी काय सांगितलं असतं? थांब, रेस सोड, पुढच्या जानेवारीत पळ. मॅरेथॉन कुठे पळून जात नाही, दर जानेवारीत असते. पण मी जाहीर केलेलं ना! उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, फक्त माझ्या गुडघ्याला बाशिंगाच्या जागी क्रेप बँडेज होतं. सी लिंकपर्यंत ठीक गेलो, अगदी फोटोग्राफर दिसला की हसून हातबित केला. परत येताना पेडर रोडच्या चढाला पाय वाकेचना. उरलेलं सगळं चालत, एक पाय काठीसारखा सरळ ठेवून. पाच तास चाळीस मिनिटं. वर पाच महिने पळणं बंद, जिना उतरताना कठडा धरून. आणि पोस्ट काय टाकली असेल? मेडलचा फोटो आणि "वेळेपेक्षा अनुभव मोठा". लाईक दोनशेच्या वर गेले. म्हणजे माझा सगळ्यात वाईट निर्णय हा माझा सगळ्यात हिट निर्णय होता, त्या दिवसानंतर मी लाईकला ट्रेनिंगचा फीडबॅक मानणं सोडलं.

आता काय करायचं ते. पहिलं म्हणजे स्ट्राव्हा डिलीट करू नका, लोक रागाच्या भरात करतात आणि तीन आठवड्यांनी परत घेतात. सेटिंगमध्ये प्रायव्हसीत जाऊन सगळ्या अ‍ॅक्टिव्हिटी फक्त तुम्हालाच दिसतील असं करून ठेवा, एकदाच, म्हणजे दर रनला ठरवायची वेळ येत नाही. दर रनला ठरवायचं म्हटलं की चांगला रन झाला की हात वळवळतोच. (जाता जाता, पोस्ट करणाऱ्यांनीही नकाशाचा सुरुवातीचा आणि शेवटचा तुकडा लपवायचं सेटिंग चालू करा, विशेषतः बायकांनी. तुमचं घर कुठलं आणि सकाळी किती वाजता बाहेर पडता हे गावाला कळायचं कारण नाही. 2018 साली याच अ‍ॅपच्या जागतिक नकाशावरून लष्करी तळ ओळखू आले होते, तुमची सोसायटी तर काय.)

दुसरं, पुढचे तीन आठवडे किलोमीटर हा शब्दच विसरा. वीस मिनिटं. कोकणे चौकाकडे दहा मिनिटं जा आणि दहा मिनिटं परत या, पाढ्याच्या पेसला, वाटलं तर चाला, आणि वीस मिनिटं झाली की अजून पळावंसं वाटलं तरी घरी या. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे. जेवताना पोट भरायच्या थोडं आधी उठावं म्हणतात तसं. उद्यासाठी थोडी भूक शिल्लक ठेवायची. तुमच्या शरीराच्या डोक्यात रन म्हणजे मार खाणं असं बसलंय, ते निघायला वेळ लागेल. घड्याळ मनगटावर उलटं फिरवून ठेवा, आतल्या बाजूला, म्हणजे बघायला हात वळवावा लागतो. साधी युक्ती आहे पण कामाची आहे.

तिसरं म्हणजे वही. मोबाईलमधली नाही, कागदाची, शंभर पानी, दुकानात पोरांसाठी मिळते ती. मी विद्यार्थ्यांना पाच गोष्टी लिहायला सांगतो, उठल्या उठल्या अंथरुणात मोजलेली पल्स, झोप किती, मिनिटं किती पळालात, किती चाललात, आणि एक वाक्य. वाक्य कशाहीबद्दल. त्या बँकेतल्या काकांना ही वही लावली तेव्हा पहिले दोन आठवडे त्यांनी ऑफिसच्या रजिस्टरसारखं "सकाळचा व्यायाम समाधानकारक" असं लिहिलेलं. मी म्हटलं काका, हे इन्स्पेक्शनला येणाऱ्यांसाठी लिहिलंय, इथे कुणी येणार नाही. मग हळूहळू वही खरं बोलायला लागली. त्यांच्या परवानगीने एक-दोन नोंदी देतो. "मंगळ. पल्स 71. झोप 5 तास, भाच्याचं लग्न. 30 मि., त्यात 9 चाललो. पाय जड, श्रीखंड जास्त झालं." आणि नंतर एक, "शनि. पल्स 64. 45 मि., 4 चाललो. पाषाणकडे उतरताना कुत्रं मागे लागलं, ते 200 मीटर बहुतेक माझ्या आयुष्यातले सर्वात वेगवान असावेत, घड्याळ चालू होतं पण मी बघितलं नाही."

"9 चाललो" असं स्वतःच्या हाताने लिहिणं, हे त्या माणसाला टेकडीच्या चढापेक्षा अवघड गेलेलं. पण एकदा लिहायला लागले तसं त्यांना दिसलं की 9 चे 4 झालेत, पल्स 71 ची 64 झालीय. ही जी प्रगती आहे ना, ती दुसऱ्या कुणाला दाखवून काही उपयोगच नव्हता, ऐकणारा म्हणाला असता "अच्छा". त्यांना मात्र ते बघून बॅचला आल्या आल्या मला बाजूला घेऊन सांगावंसं वाटलं आणि मग सांगताना मधेच थांबले, म्हणाले जाऊ दे, तुम्ही घाई करू नका म्हणाल. झाकली मूठ सव्वा लाखाची.

चौथं, महिन्यातून एकदाच मोजमाप. सपाट रस्ता निवडा, नेहमी तोच, नेहमी तीच वेळ, पाच किलोमीटर, आणि पल्स 140 च्या वर जाऊ द्यायची नाही, गेली तर चाला. वेळ किती लागला एवढंच लिहा. पहिल्यांदा तुम्हाला साधारण 42-43 मिनिटं लागतील आणि भयंकर अपमान वाटेल. लागू दे. दम सुधारला की त्याच पल्सला वेळ कमी होतो, दुसरं काहीही न बदलता. यात फसवायला जागाच नाही, जोरात पळून नंबर चांगला आणता येत नाही, म्हणून मला ही टेस्ट आवडते. फक्त दोन गोष्टी लक्षात ठेवा, पुण्यात एप्रिल-मेमध्ये उन्हामुळे पल्स तशीच वर असते, तेव्हा आकडा बिघडला तर तो हवेचा आहे, तुमचा नाही. आणि मनगटावरचं घड्याळ कधीकधी पावलांची लय पकडून तीच पल्स म्हणून दाखवतं, हळू पळतानाही अचानक 170 दिसलं तर घाबरू नका, छातीचा पट्टा मिळाला तर उत्तम, नाहीतर पाढा आहेच.

आता थोडं उलट बाजूनेही बोलतो, नाहीतर वाटेल मी पोस्ट टाकणाऱ्यांच्या विरोधात आहे. एक शाळेतल्या मॅडम माझ्याकडून ऑनलाइन प्लॅन घेऊन धावायच्या, तालुक्याचं गाव, तिथे चाळिशीतली बाई ट्रॅक पँट घालून रस्त्याने पळते म्हणजे केवढी चर्चा. त्या रोज पोस्ट टाकायच्या आणि मी त्यांना कधीही थांबवलं नाही. कारण गावातल्या नजरांना तोंड द्यायला त्यांना लांबच्या चार धावणाऱ्या बायकांचा आधार होता, "आज मीपण गेले" एवढं म्हणणाऱ्या. त्याला मी सोबत म्हणतो. आणि फरक कसा ओळखायचा, तर त्या "आज जमलं नाही, पाय दुखतोय" हेही टाकायच्या. तुम्ही सहा महिन्यांत असं एकदा तरी टाकलंत का बघा.

तसंच ग्रुपने धावणं सोडू नका, मी स्वतः बॅच घेऊन पोट भरतो, मी कसं म्हणेन सोडा. चार माणसं टेकडीवर भेटतात, त्यांना तुम्ही चढाला चालताना दिसता, तेही चालतात, कुणाला काही वाटत नाही. समोरासमोर माणूस अख्खा दिसतो, स्क्रीनशॉटमध्ये त्याचा निवडक भाग. आणि रेस तर जाहीरच असते, छातीवर नंबर लावून, रिझल्ट कुणीही बघू शकतो, त्यात काही लपवायचं नाही. आपला अविनाश साबळे बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थ गेम्सला 2022 मध्ये 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये (अडथळ्यांची शर्यत) 8:11.20 ला आला आणि पाच शतांश सेकंदांनी गोल्ड हुकलं, ते सगळ्या जगाने बघितलं. ते बघायचंच असतं. झाकून ठेवायची ती मंगळवार सकाळ.

एका माणसाला मात्र सांगून ठेवा. घरात, बायकोला किंवा भावाला, की मी कुठे जातोय आणि किती वेळात येतोय. खासगी म्हणजे गुप्त नव्हे. आणि छातीत जडपणा, चक्कर, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणं असलं काही झालं तर ते "माझं मी बघून घेईन" मध्ये अजिबात बसत नाही, त्याच दिवशी डॉक्टर. हे मी प्रत्येक बॅचला सांगतो आणि प्रत्येक बॅचमध्ये एक तरी मनुष्य दोन आठवड्यांनी सांगतो, "सर, मागे जरा वाटलं होतं". कानाखाली द्यावीशी वाटते.

अजून एक खड्डा आहे, त्यात मी पडलोय म्हणून सांगतो. पोस्ट बंद केल्यावर काही महिन्यांनी एक नवीन मस्ती चढते, "मी ना, कुणाला सांगत नाही, आपलं शांतपणे चालू असतं" असं चार लोकांत सांगायची. सांगत नाही हे सांगत फिरायचं! मी एका घरगुती कार्यक्रमात हे वाक्य तीन जणांना ऐकवलं, चौथ्याला ऐकवायला गेलो तर बायको मागून म्हणाली, "अहो, बँडवाल्याला पण सांगून या." झालं, तेव्हापासून बंद.

सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारेलच, काय राव, धावणं सोडलं का? आधी दोन वर्षं रोज दाखवलंय म्हटल्यावर विचारणारच, आणि तुम्हाला तेव्हा लगेच वीस मिनिटांचा पुरावा द्यावासा वाटेल. "चालू आहे थोडंफार" म्हणायचं आणि पार्किंगचा विषय काढायचा, पार्किंगचा विषय निघाला की कुणालाच तुमच्या धावण्याशी देणंघेणं राहत नाही.

उद्यापासून वीस मिनिटं. पहिली टेस्ट पुढच्या महिन्यात, आत्ता नको, आत्ता तुम्ही थकलेले आहात. टेस्टचे आकडे मला पाठवू नका, मला माहितीये तुम्ही पाठवणार, पण मी बघणार नाही. तीन महिन्यांनी काही दुखत असेल किंवा वेळ सुधारतच नसेल तर वही घेऊन या, मी आतलं वाचणार नाही, तुम्ही विचाराल तेवढंच पान उघडू.